शिरोळ तालुक्यात नदीकाठाला गाव, घरात आई-आबा आणि चार जनावरं. बाहेर नेमकं कधी काढायचं?

नदीकाठ_ते_पुणे

नमस्कार मंडळी, कोल्हापूर-शिरोळ भागातल्या लोकांना विचारायचंय, जरा लवकर सांगा. मी पुण्यात नोकरीला, गाव शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठाला, कुरुंदवाडपासून जवळच. घरी आई आणि आबा दोघंच, दोघांनी सत्तरी ओलांडलीय. दोन म्हशी, त्यातली एक गाभण, एक रेडी आणि एक म्हातारी गाय, ती गाय आबा विकत पण नाहीत आणि तिला सोडून कुठं जात पण नाहीत. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी होतं, २०२१ ला परत आलं. दोन्ही वेळेला आई-आबांना शेवटच्या घडीला बोटीतनं काढलं आणि जनावरं वरच्या गल्लीत एकाच्या स्लॅबवर चढवलेली, तिथं वैरण पोचवायला किती हाल झाले ते गावाला माहिती आहे.

आता परत तीच वेळ आलीय. गगनबावड्याकडं पाऊस थांबेना, राधानगरी धरण भरत आलंय, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशारा पातळीच्या जवळ आलीय, मी इथं बसून दर तासाला मोबाईलवर तेवढाच आकडा बघतोय. आबांना फोन केला की म्हणतात २००५ ला उंबऱ्याला लागून गेलं, १९ सारखं काय दरवर्षी येत नसतंय, तू काळजी करू नको. आई काय बोलत नाही पण तिचा आवाज कळतोय.

मला एवढंच विचारायचंय की कुठल्या फुटाला हलवायचं, जनावरं कुठं न्यायची, कशातनं न्यायची, आणि आबांना तयार कसं करायचं. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा, टीव्हीवरचं ऐकून नको.

प्रयागकर

दादा आम्ही प्रयाग चिखलीचे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी आमच्या इथं एकत्र होतं आणि मग ते पंचगंगा म्हणून कोल्हापूरकडं जातं, त्यामुळं पूर पहिला आमच्या दारात असतो. १९८९ च्या पुरानंतर आमच्या गावाला सोनतळीला प्लॉट मिळाले, पण शेती आणि गोठे खाली नदीला, म्हणून कितीतरी घरं अजून खालीच राहत्यात. आम्ही आता एक रीत लावून घेतलीय ती सांगतो.

राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. बरेच लोक ४३ ची वाट बघतात आणि तिथंच फसतात, कारण ४३ ला नदी धोक्याची होत असेल पण तुमच्या गावचा रस्ता त्याच्या आधीच कधीतरी बंद झालेला असतो. त्यामुळं आम्ही फूट बघून नाही, रस्ता बघून हलतो. गावाबाहेर पडायच्या वाटेवर सगळ्यात खोलगट जागा कुठली, ओढ्यावरची मोरी असंल किंवा एखादा बंधारा असंल, तिथं पाणी चढायच्या आत जनावरं पलीकडं पाहिजेत. बस्स. ३९ लागलं की आमच्याकडं म्हसरं सोनतळीच्या वाटंला लागलेली असतात, माणसं मागनं निवांत येतात.

आणि राधानगरीचं एक ध्यानात ठेवा, तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कोणी साहेब बटण दाबत नाही. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी येतं. हे दरवाजे मध्यरात्री पण उघडतात. म्हणून निर्णय दिवसाउजेडी घ्यायचा. संध्याकाळी "सकाळी बघू" म्हटलं की सकाळी बघायला वाट शिल्लक नसती.

वाडीची_लेक

प्रयागकर दादांचं रस्त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण फुटांचा हिशोब वरच्या अंगाच्या गावांना लागू पडतो, आपल्या शिरोळला नाही. माझं माहेर नरसोबावाडी आणि सासर कुरुंदवाड त्यामुळं दोन्ही नद्या बघून मोठी झालेय मी.

भाऊ तुम्ही राजाराम बंधाऱ्याचा एकच आकडा बघत बसलाय म्हणून हे लिहितेय. राजाराम कसबा बावड्याला आहे. तिथनं पुढं पंचगंगा सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे करत वाडीला येऊन कृष्णेला मिळते. आता कृष्णाच भरून चालली असेल तर पंचगंगेचं पाणी आत जाणार कुठं? मोरीच्या तोंडाला पोतं लावल्यावर पाणी मागं तुंबतं तसं ते मागं फुगतं आणि शिरोळ तालुक्यात पसरतं. ह्यालाच आपण फुगवटा म्हणतो. त्यामुळं असं होतं की कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं, पेपरात "पूर ओसरतोय" छापून आलं, तिकडं लोक घरं धुवायला लागले, आणि इकडं आपल्याकडं पाणी अजून चढतंच असतं. २०१९ ला हेच झालं, कोल्हापूरचा रस्ता मोकळा झाला तरी आमची गावं पाण्यातच होती.

म्हणून तुम्ही सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडा बघा, तिथं ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. कोयनेतनं किती सोडलंय ते बघा. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते म्हणजे आयर्विनच्या खाली, त्यामुळं वारणेवरच्या चांदोली धरणातनं सोडलेलं पाणी आयर्विनच्या आकड्यात सगळं दिसत नाही, ते वेगळं बघायला लागतं. आणि खाली राजापूर बंधारा, तो आपल्याकडचा कृष्णेवरचा शेवटचा, त्याची पातळी पण जाहीर होते. कोयना आणि चांदोली दोन्हीकडनं विसर्ग वाढला आणि राधानगरीचे दरवाजे पण उघडले असं एकत्र दिसलं की राजारामचा आकडा काही का असेना, निघायचं. पाटबंधारे खात्याची माहिती रोज सकाळ-संध्याकाळ येते, गावच्या ग्रुपवर पण पडते, फक्त फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तारीख-वेळ आहे का बघत जावा, २०२१ चे आकडे अजून फिरत असतात.

आमच्या जुन्या बायका वाडीचं मंदिर बघून ठरवतात. दक्षिणद्वार झालं, म्हणजे पादुकांवरनं पाणी दक्षिण दारानं बाहेर पडलं, की लोक स्नानाला गर्दी करतात पण माझी आजी त्याच दिवशी पोती वर टाकायला सुरुवात करायची. उत्सवमूर्ती वर हलवली की ती घर सोडायची. मोबाईल नव्हता तरी तिचं कधी चुकलं नाही.

आता आबांचं. त्यांना "तुम्ही चला" असं म्हणूच नका, त्या पिढीला घर सोडा म्हटलं की ते अजून घट्ट बसतात. म्हशी हलवायच्यात, गाभण आहे, तिकडं तिच्याजवळ घरचं माणूस पाहिजे, परक्याच्या हाताला ती दूध देत नाही, असं सांगा. खरंच आहे ते, खोटं काहीच नाही त्यात. जनावरं गेली की मालक मागनं जातोच. आमच्या सासऱ्यांना आम्ही दरवेळी असंच नेतो आणि तिकडं ते चार लोकांची जनावरं पण सांभाळतात.

आईची गोष्ट पण विसरू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या घ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा. निवारा केंद्रात शाळेच्या खोल्या असतात, संडास कमी आणि बायका जास्त, म्हाताऱ्या बायका त्या लाजेनं पाणी प्यायचं सोडतात आणि आजारी पडतात. जमत असेल तर जयसिंगपूर किंवा उंचावरच्या गावात पाहुण्यांकडं खोली बघा. कागदपत्रं, सातबारा, पासबुक, आधार एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. भरलेला सिलिंडर पाण्यावर तरंगून जातो म्हणून साखळीनं बांधून ठेवा किंवा वर चढवा, रेग्युलेटर काढून.

नदीकाठ_ते_पुणे

ताई खूप आभार, आयर्विनचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे १९ ला आम्ही कोल्हापूर उतरतंय म्हणून थांबलेलो आणि पाणी वाढतच गेलेलं, त्याचं कारण हे होय. आमच्या वाटेवर ओढ्याची मोरी आहे, गावातल्या मित्राला फोन करून बघायला सांगितलंय, अजून दोन-अडीच फूट मोकळी आहे म्हणाला. टेम्पो बघतोय. गाभण म्हैस टेम्पोत चढवावी का चालवत न्यावी? सातवा-आठवा महिना असेल.

पशुसेवक_हातकणंगले

पशुवैद्यकीय खात्यात काम करतो, १९ आणि २१ दोन्ही पुरात जनावरांच्या छावण्यांवर होतो त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

सात-आठ महिन्याची गाभण असेल तर अंतर कमी असल्यास चालवत न्या, सकाळच्या वेळेला, डांबरी रस्त्यानं, हाणत-पळवत नको. लांब असेल तर टेम्पो, पण खाली पिंजर किंवा उसाचा पाला जाड अंथरा म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि ती एकटी किंवा फार तर गायीबरोबर, दाटीवाटीनं कोंबू नका. चढवायला फळी टाकू नका, बांधाला किंवा उंचवट्याला टेम्पो मागनं लावा, जनावर आपोआप आत जातं. पाणी आल्यावर घाईघाईत चढवलेल्या गाभण म्हशी पडून गाभडलेल्या मी बघितल्यात, त्यामुळं आजच न्या.

ज्यांना कुठल्याच कारणानं जनावर हलवता येत नाही त्यांनी एकच करा, दावं सोडा. गोठ्याचं दार उघडं टाका. म्हैस चांगली पोहते, पुरात मेलेली बहुतेक जनावरं ही बांधलेली असतात. दाव्याला गाठ मारलेली असली की पाण्यात फुगून ती कोणाला सुटत नाही, म्हणून पावसाळ्यात सुटी गाठ मारायची सवय लावा आणि गोठ्यात कोयता टांगलेला असू द्या.

वैरण. कडब्याची गंजी पुरात वाहून जाते नाहीतर भिजून काळी पडते. मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा असतील तर त्या आधी हलवा, त्या छावणीत सोन्यासारख्या कामाला येतात. पाणी उतरल्यावर गाळ बसलेलं उसाचं वाडं आणि गवत जनावराला घालू नका, बुरशी आलेला कडबा तर अजिबात नको, हगवण लागते, पोट फुगतं, पुरातनं वाचलेलं जनावर मग दावणीला मरतं. दूध संकलन बंद पडलं तरी धार काढायची, दूध विकलं जात नाही म्हणून कास भरलेली ठेवली की दगडी होते आणि सड कायमचा जातो. चिखलात उभं राहून खुरं कुजतात, रोज धुवून पोटॅशच्या पाण्यानं पुसत जावा.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचलीय का आबांना विचारा. नसेल तर छावणीत पोचल्यावर आमच्या लोकांना सांगा, तिथं शेकडो जनावरं एकत्र येतात.

आणि कानातला बिल्ला. आता बिल्ला नसेल तर भरपाई अडते. निघायच्या आधी प्रत्येक जनावराचा, बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा. देव करो आणि वेळ न येवो, पण जनावर गेलंच तर ते पुरायच्या आधी पशुवैद्यकाचं शवविच्छेदन आणि पंचनामा झाला पाहिजे. सध्याच्या निकषानं दुभत्या म्हशीला-गायीला ३७,५०० रुपये मिळतात, म्हशीच्या बाजारभावापुढं ते काहीच नाहीत, म्हणून तर जिवंत हलवण्यावर एवढा जोर देतोय.

बंधारा_बंद

ह्या सगळ्याला जबाबदार कोण ते पण लिहा की. कर्नाटकानं कृष्णेवरचं अलमट्टी धरण भरून ठेवायचं आणि आमचं शिवार बुडवायचं. आता उंची अजून वाढवायला निघालेत. लोकांनी दरवर्षी म्हशी घेऊन पळतच राहायचं काय? मूळ दुखणं सोडून टेम्पोत पालापाचोळा अंथरायच्या गप्पा चाललेत.

वाडीची_लेक

दादा तुमचा राग समजतो, आमच्या घरात पण हाच विषय असतो. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि कृष्णा पाणीतंटा लवादानं ती ५२४.२५६ पर्यंत न्यायला परवानगी दिलीय, त्याला आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा विरोध आहे आणि तो असायलाच पाहिजे. पण १९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली सरकारनं, तिनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, बेसुमार पाऊस आणि पूररेषेतली बांधकामं ह्यावर बोट ठेवलं. लोकांना ते पटलेलं नाही, मला पण सगळं पटलेलं नाही. पण आपल्याकडं निळ्या रेषेच्या, म्हणजे पूररेषेच्या आत किती भराव पडलेत, किती प्लॉट पडलेत, शिरोलीजवळ महामार्ग भरावावरनं नेलाय आणि तिथं पिलरचा पूल करा म्हणून लोक ओरडून थकलेत, हे पण बोलायला पाहिजे ना. १९ ला तोच महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद होता, शहरात पेट्रोल नाही, दूध-भाजी नाही.

हे भांडण लढायचंच आहे. पण ह्या भावाच्या आईवडिलांना आज रात्रीच्या आत बाहेर काढायचंय, ते आधी होऊ दे. अलमट्टीवर वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथं.

बंधारा_बंद

बरोबर ताई. काढतो वेगळा. भावा, टेम्पो मिळाला नाही तर सांग, इचलकरंजीतनं एक ओळखीचा आहे, येईल.

बोटवाला_कोल्हापूर

बचाव पथकात स्वयंसेवक म्हणून जातो. थोडंच लिहितो.

बोट येईल म्हणून थांबू नका. १९ ला एनडीआरएफ, सैन्य, नौदल, कोल्हापूरच्या व्हाईट आर्मी बचाव संस्थेची पोरं सगळी होती तरी लोक माळ्यावर बसून वाट बघत होते, कारण गावं जास्त आणि बोटी कमी. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला होडी उलटली ते आठवतं ना, माणसं जास्त बसली की असं होतं. तेव्हापासून मी बोटीत जागा नाही म्हटलं की नाही, कितीही रडले तरी नाही. आणि बोटीत जनावर घेता येत नाही, त्यामुळं बोटीतनं निघालेला शेतकरी अर्धा मागंच राहिलेला असतो, सारखं वळून बघत असतो, तुम्ही आबांवर ती पाळी आणू नका.

पुराच्या पाण्यातनं चालायची वेळ आली तर काठी पुढं टेकत चला, विहिरी आणि गटारी दिसत नाहीत. ट्रॅक्टरनं वाहतं पाणी ओलांडू नका, ट्रॅक्टर जड आहे म्हणून जाईल असं वाटतं पण ट्रॉली पाण्यानं उचलली जाते आणि ट्रॅक्टरला ओढून नेते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, पोलिस ११२, अँब्युलन्स १०८, आईच्या साध्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि तिला डायल करून पण दाखवा.

घाटमाथा_राधानगरी

आमच्याकडं पुरापेक्षा वाऱ्याचा त्रास जास्त, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. एप्रिल-मे मधला वळीव आणि आता पाऊस जोरात असताना येणारा वारा, दोन्हीत झाडं रस्त्यावर पडतात, विजेच्या तारा तुटतात, पत्रे उडतात. शिरोळला पाणी हळू चढतं, तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो, आमच्याकडं घाटात दरड किंवा झाड आलं की गाव तुटलं. लाईट गेली की टॉवर पण थोड्या वेळानं बंद पडतो आणि मग तुम्ही पुण्यातनं कितीही फोन लावा, लागणार नाही. म्हणून आत्ताच ठरवून घ्या की फोन लागला नाही तरी आबांनी काय करायचं, कुणाकडं जायचं, ते आधीच सांगून ठेवा. पॉवर बँक द्या. पत्र्याच्या शेडवर दगड ठेवू नका, वाऱ्यानं पत्रा उचलला की तोच दगड डोक्यात येतो, पत्रा तारेनं खाली मेढीला आवळा. आणि पडलेल्या तारेला हात लावायचा नाही, लाईट गेलेली असली तरी. पाण्यात पडलेली तार तर दिसत पण नाही.

ऊसवाला_कसबा

शेतीचं मी सांगतो. नदीवर मोटर असेल तर मोटर आणि स्टार्टर आजच काढून वर आणा, सगळे एकाच दिवशी काढायला लागले की माणूस मिळत नाही. १९ ला कितीतरी जणांच्या मोटरी पाण्यात गेल्या, कुणी रिवाइंडिंग करून दमले, कुणी नव्या घेतल्या.

उसाचं आत्ता काही करता येत नाही. शेंडा पाण्याच्या वर राहिला तर ऊस तगतो. शेंडा बुडाला, पोंग्यात म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांत गाळ बसला आणि पाणी आठवडाभर हललं नाही तर पोंगा मरतो, मग बाजूनं डोळे फुटतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही जातं. पाणी उतरलं की चर काढून साचलेलं बाहेर घालवायचं, बाकी मग बघू. सोयाबीन-भुईमूग तर हातचं गेलंच समजा.

पंचनाम्यासाठी घरातनं निघायच्या आधी घराचा, गोठ्याचा, पिकाचा व्हिडिओ करा. पाणी उतरल्यावर भिंतीवर पाण्याची रेघ राहते, तिचा माणसाबरोबर फोटो काढा आणि मगच भिंत धुवा, लोक आधी धुतात आणि मग पंचनाम्याला काही दाखवायला राहत नाही. पिकाला ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत बसते. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर येतात आणि ई-केवायसी मागतात, आबांचा अंगठा मशीनवर उमटत नसेल तर ती अडचण आत्ताच सोडवून ठेवा. आमच्याकडं एका घराची मदत फक्त तेवढ्यामुळं अडकली.

वाडीची_लेक

परत जाताना घाई नको. पहिल्यांदा गडीमाणसं जाऊ देत, आईला नंतर न्या. घरात, धान्याच्या कणगीत, गादीखाली साप असतात, घोणस आणि मण्यार पण. काठीनं आवाज करत आत जायचं, गमबूट घालून. चावलाच तर बांधाबांध-मंत्र काही नको, सरळ सरकारी दवाखाना, नाहीतर कोल्हापूरला सीपीआर रुग्णालय. विहिरीचं-आडाचं पाणी उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय प्यायचं नाही, भांड्यात मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरिनचे थेंब. पायाला जखम असेल आणि चिखलात काम केलं असेल आणि ताप आला तर डॉक्टरला लगेच सांगायचं की पुराच्या पाण्यात उतरलेलो, लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) औषध वेळेत मिळालं पाहिजे. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की कुदळीनं काढायला लागतो.

एक अजून. म्हातारी माणसं परत आल्यावर गप्प होतात. सगळं घर चिखलात बघून आमचे सासरे कितीतरी दिवस जेवायला बसायचे आणि उठून जायचे. तेव्हा चार दिवस रजा काढून या भाऊ. पैसे पाठवण्यापेक्षा ते जास्त लागतं.

नदीकाठ_ते_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांचे. सांगतो काय झालं ते. आबांना ताईंनी सांगितलं तसंच म्हटलं, गाभणीजवळ घरचं माणूस पाहिजे. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले गाय पण न्यायची असेल तर येतो. गाय पण न्यायचीय म्हटलं. टेम्पो गावातल्याच एकाचा मिळालाय, पहाटे मोरीवरनं निघतायत. आई आत्याकडं जयसिंगपूरला आणि जनावरं तिथंच मळ्यात, आबा तिथं शेडमध्ये झोपणार म्हणतायत, झोपू देत. चुलत भाऊ मोटर काढायला गेलाय. कोयनेचा विसर्ग वाढवलाय असा मेसेज आत्ताच आला, तारीख आजचीच आहे. मी रात्रीच्या गाडीनं निघतोय, पण कोल्हापूरकडनं न येता मिरजेवरनं जयसिंगपूर गाठतो.

फक्त वैरणीचं अजून ठरलं नाही. आमचा मुरघास नाही, कडबा आहे पण एका टेम्पोत किती बसणार. जयसिंगपूरच्या बाजूला कोणाकडं विकत मिळेल का?

माळावरचा_शेतकरी

आमचा मळा उंचावर आहे, जयसिंगपूरच्या बाजूलाच. मका उभा आहे आणि उसाचं वाडं पण मिळेल. विकत वगैरे नको, रोज सकाळी विळा घेऊन कोणालातरी पाठवा, चार जनावरांपुरतं कापून न्या. अजून कोणाची जनावरं त्या बाजूला येणार असतील तर इथं लिहा, आमच्या गल्लीतल्या दोघा-तिघांनी पण मका द्यायची तयारी दाखवलीय. मेसेज टाकलाय तुम्हाला, पत्ता त्यात आहे. कडबा आणत बसू नका, त्या जागेत आईचं धान्य आणा.